तुलनेसाठी जाऊबाई

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार केला असं समजा. आपला अबोला बोलण्याचा आहे, लिहिण्याचा नाही. घर सोडल्यापासून तुम्हाला कामापुरत्या चार ओळी खरडत आले, पण हे पत्र लांब आहे. बसून वाचा. बसायची सवय नसेल तर उभ्याने वाचा.

मी आळशी नव्हते. मी आजारी होते.

गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. अंगातली सगळी कामं किती वेगाने चालायची ते ती ठरवते. माझी कित्येक वर्षं अर्धीमुर्धीच चालते आहे. तोंड सुजणं, भर उन्हात थंडी वाजणं, केस गळणं, बसल्या जागी डोळे मिटणं, सगळं तिचंच. इथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही घर कसं चालवलंत हो?" ताई, मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. आपल्या घरात मला एकच प्रश्न विचारला जायचा, "अजून उठली नाहीस?"

ढिम्मी हे नाव तुम्ही ठेवलंत. आधी घरात, मग पडद्यांच्या कारखान्यात. तिथल्या सगळ्या बायका मला ढिम्मीबाई म्हणायला लागल्या. एकदा माझ्याकडून फुलांचं कापड उलटं कापलं गेलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या हातातली कात्री काढून घेतलीत आणि म्हणालात, "ही झोपेत कापते." पुन्हा मला कापायच्या टेबलाशी उभं राहू दिलं नाहीत. तेही मी गिळलं. पण चिंगी झाली तेव्हा मला उठवत नव्हतं, तर तुम्ही बाळ उचलून तुमच्या खोलीत नेलंत. "पाडशील पोरीला," म्हणालात. यांची बदली झाली तेव्हा चिंगी चौदा वर्षांची होती. ती काय म्हणाली आठवतं? "मी मोठ्या आईकडेच राहते. आई काय, झोपलेलीच असते." आजही ती तुमच्याकडेच आहे, तुमच्या टेबलावर तुमच्या शेजारी कापते आहे.

आता कामाचं. डॉक्टरीणबाई एक अभ्यास करताहेत. ही ग्रंथी मंद झाली की शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो का, हे त्या बघताहेत. मला त्यांनी असं समजावलं: शरीर प्राणवायू वापरून इंधन जाळतं, त्यातून काही त्रासदायक कण निघतात. निरोगी शरीर ते लगेच निवळवतं. आमच्यासारख्यांमध्ये ती साफसफाई कमी पडते आणि आतून गंज चढत जातो. तो किती चढला ते रक्तात मोजता येतं. त्यासाठी आजारी बाईच्या तुलनेला एक निरोगी बाई लागते. वय जवळपास हवं, वर्षानुवर्षं एका घरात जेवलेली हवी, पण रक्ताचं नातं नको. मी म्हटलं, अशी माझी जाऊ आहे. सगळे तिला भिंगरी म्हणतात.

या आणि रक्त द्या. तुमचं आणि माझं शेजारी शेजारी मोजलं जाऊ दे. माझं वाईट निघालं तर चिंगीसमोर तुमच्या तोंडाने म्हणायचं, "तुझी आई आळशी नव्हती." मी तिला काही सांगितलेलं नाही. तिला ते तुमच्याकडूनच कळायला हवं. भीती वाटत असेल तर राहू द्या.

तुमची धाकटी जाऊ


१२ फेब्रुवारी

ढिम्मे,

आशीर्वाद पाठवते. नको असेल तर परत पाठव.

पत्र उभ्यानेच वाचलं. हातात पडद्याचं अस्तर होतं, त्यावर ठेवून वाचलं. आजाराचं नाव सापडलं हे बरं झालं, गोळी घे, बरी हो. पण आजार काय तुला एकटीलाच होतात? मलाही थकवा येतो. माझेही पाय रोज संध्याकाळी सुजतात. बोटं इतकी जड होतात की अंगठी साबण लावून काढावी लागते. घसा बसलाय, चिंगी म्हणते मोठी आई पुरुषासारखी बोलते. मी म्हणून आडवी पडते का? हॉटेलवाल्याचे पडदे काय तुझी ग्रंथी शिवणार आहे?

बाळ उचललं म्हणतेस. रडून रडून निळं पडलं होतं ते, आणि तू शेजारी घोरत होतीस. मी उचललं नसतं तर आज हे पत्र कुणासाठी लिहिलं असतंस?

येते. भीती मला कधी वाटली नाही, तुझी तर नाहीच. रक्त देईन आणि पुढच्या गाडीने परत फिरेन. तुझ्या घरी जेवायला थांबणार नाही. पैज मान्य. माझं रक्त बघून तुझ्या डॉक्टरीणबाई तोंडात बोटं घालतील. तू हरलीस तर हे गंजाबिंजाचं पुराण पुन्हा मला लिहायचं नाही.

थोरली


५ मार्च

प्रिय शेंडेफळा,

तू माझी पाठची बहीण, म्हणून फक्त तुलाच सांगते. हे पत्र वाचून फाडून टाक.

भिंगरी आली होती. दवाखान्यातल्या बाकावर आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसलो आणि एक अक्षर बोललो नाही. मधे सापडलेल्या नर्सची तारांबळ उडाली. "तुम्ही दोघी बरोबर आलात ना?" तिने विचारलं, तर हिने छताकडे बघितलं आणि मी खिडकीकडे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ही स्वेटर घालून बसलेली. थोड्या वेळाने माझा खांदा जड झाला. बघते तर काय, भिंगरी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली! तोंड उघडं. मी खांदा काढून घेतला. दचकून उठली आणि गाडीत झोप झाली नाही असं नर्सला सांगायला लागली. फोनसाठी तिने माझाच नंबर दिला, म्हणे कारखान्यात मशिनींच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

काल त्या नंबरावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई तुलनेला चालणार नाहीत. निरोगी नाहीत त्या." तिची ग्रंथी माझ्याहून मंद निघाली, आणि गोळी सुरू नसल्यामुळे तो गंजही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. माझा तर गोळीने उतरायला लागलाय. रक्तात चरबी वाढली आहे आणि हृदयावर ताण येऊ शकतो. "त्यांना याच आठवड्यात घेऊन या. औषध साधं आहे, पण थांबायला नको." मी म्हटलं, "सांगते हो." फोन ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिले. किती दिवसांनी मला माझा चेहरा आवडला म्हणून सांगू!

ती जे मला म्हणायची ते सगळं तिच्याच अंगात निघालं. मी सांगणार आहे गं, तिला मारायचं नाही मला. पण लगेच नाही. आधी तिच्या हातून कापड बिघडू दे. आधी तिला सकाळी कुणीतरी विचारू दे, अजून उठली नाहीस? उठायचं आहे आणि उठवत नाही म्हणजे काय, ते तिला नीट कळू दे. मी वर्षानुवर्षं भोगलं. तिने थोडं भोगलं तर काय बिघडलं?

तुझी अक्का


११ मार्च

अक्का,

पत्र फाडलं नाही, कारण मला ते खरंच वाटेना. आजच्या आज तिला कळव. राग मला कळतो, तुझी ती वर्षं मी बघितली आहेत. बाळंतपणानंतर तुला भेटायला आले तेव्हा तुझा अवतार बघून मी घरी जाऊन रडले होते. पण हे उट्टं काढणं नाही, हे दुसरंच काहीतरी आहे. चिंगीला कळलं तर काय उत्तर देशील?

शेंडेफळ


२३ मार्च

ढिम्मे,

निकालाचं काय झालं? रक्त घेताना तर मोठी घाई होती.

मी एक गंमत लिहिते, हसू नकोस. हॉटेलवाल्याच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे मी खालची दुमड न धरताच कापले. इतकी वर्षं ज्या हाताने कापते त्या हाताने. शिवून टांगले तर सगळे वीतभर वर, घोट्यावर आलेल्या पायजम्यासारखे. कापड पुन्हा आणावं लागलं. मी चिंगीवर ओरडले की माप तूच चुकीचं सांगितलंस. तिने काही चुकीचं सांगितलं नव्हतं, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

नावं आठवत नाहीत. काल मशिनवरच्या बाईला हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवायचा म्हणजे डोंगर उचलायचा. वय झालं म्हणायचं, दुसरं काय. तुझी ती गोळी ताकदीची असते का गं? असेल तर मला नाव कळव. आपलं सहज विचारते.

थोरली


३१ मार्च

ताई,

निकाल यायचा आहे. अभ्यास म्हटला की वेळ लागतोच, तुमच्यासारखं भराभर कापून मोकळं होता येत नाही.

गोळी ताकदीची नाही. ती आजारी माणसांची असते, तुम्हाला काय करायची? तुमचं तसं काही नसणार. सकाळी उठवत नाही म्हणता, तर तोंडावर गार पाण्याचा हबका मारा. मन लावलं की सगळं जमतं. बसून राहिलं की अंग बसूनच राहतं, त्याला सवय लागते. हे उपाय मला ज्यांनी सांगितले ते माणूस फार अनुभवी होतं. तुम्ही ओळखता त्यांना.

पडद्यांचं ऐकून वाईट वाटलं. चिंगीवर ओरडत जाऊ नका.

तुमची धाकटी जाऊ


१४ एप्रिल

आई,

तू बरी आहेस ना? मी तुला फारसं लिहीत नाही, पण आज लिहावंसं वाटलं.

मोठी आई बदलली आहे. दुपारी कापडाच्या ठोकळ्यावर बसल्या बसल्या झोपते. काही विचारलं तर उत्तर यायला एवढा वेळ लागतो की मी प्रश्नच विसरते. बायका तोंड लपवून हसतात. काल मी इतकी वैतागले की सगळ्यांसमोर म्हणाले, "तू अगदी आईसारखी झाली आहेस." ती स्वेटरची बटणं लावत बसली. बोललेलं मागे घेता येत नाही, पण मला रात्रभर कसंतरी होत होतं. तू इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलीस, तुला काही कळतंय का हे काय आहे ते?

चिंगी


२० एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र आलं. बरं झालं, तुला आता दोन्ही आया दिसल्या.

मला कळतंय ते काय आहे. योग्य वेळी सांगेन. तोपर्यंत तिच्या हातातली कात्री काढून घे. सगळ्यांसमोर घे. तिला सांग, हे आईने सांगितलंय.

तुझी आई


९ मे

आई,

तिच्या हातातली कात्री मी काढून घेतली नाही. ती तिनेच मला दिली, आणि म्हणाली मी आता नुसतं टांगायचं काम बघते. गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर चढली, पडद्याची दांडी बसवताना तिला चक्कर आली आणि खाली कोसळली. उजवं मनगट मोडलं. जिथे नेलं तिथल्या डॉक्टरांनी हातापेक्षा तिच्या तोंडाकडेच जास्त वेळ बघितलं. हृदयाचे ठोके फार मंद होते. रक्त तपासलं आणि म्हणाले, थायरॉइड. असा पेशंट वर्षानुवर्षं झोपाळू, आळशी म्हणून बोलणी खातो, म्हणाले, आणि दोष त्याचा नसतो.

आई, मी तिथेच खुर्चीवर बसले. मला तू दिसलीस. सकाळी मी शाळेला निघायचे तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस आणि मी तुला हाक न मारता जायचे. त्याच दिवशी मी तुझ्याकडे यायचं तिकीट काढलं. मला तुझ्या पायाशी बसून माफी मागायची होती.

मग तुझं ते वाक्य आठवलं. योग्य वेळी सांगेन. मोठ्या आईला विचारलं तर तिने सगळं सांगितलं, तुझं पत्र, पैज, तो बाक. मी तुझ्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई फार चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, आम्ही तर मार्चच्या सुरुवातीलाच तुमच्या आईला कळवलं होतं, अजून उपचार सुरू कसे नाहीत? तुझं ३१ मार्चचं पत्रही मी वाचलं. निकाल यायचा आहे म्हणून लिहिलंस. गार पाण्याचा हबका मारा म्हणून लिहिलंस.

ती तुला ढिम्मी म्हणायची तेव्हा तिला माहीत नव्हतं, आई. तुला माहीत होतं.

तिकीट रद्द केलं. इकडे येऊ नकोस, मला लिहू नकोस.

चिंगी


२९ मे

ढिम्मे,

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला हसलीस तरी चालेल, मला दिसणार नाही.

गोळी सुरू आहे. अंग अजून जडच आहे, पण काल सकाळी हाक न मारता जाग आली. पडल्या पडल्या पहिल्यांदा तुझाच विचार आला. बाळंतपणानंतर तू अशीच पडलेली होतीस आणि मी दारात उभी राहून तुला काय काय बोलत होते. पाय हलत नव्हते तुझे. आता मला कळलं, ते हलतच नाहीत. हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला शंभर वेळा समजावलं असतं तरी कळलं नसतं. तू कळवलंस. तुझी पद्धत मात्र भारी निघाली.

पैज मी हरले. शब्द पाळला. चिंगीला समोर बसवून म्हणाले, "तुझी आई आळशी नव्हती." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि उठून टेबलाशी गेली.

तुझ्यावर ती जेवढी चिडली आहे तेवढी मी नाही, हे ऐकून तुला नवल वाटेल. मी तुझ्या जागी असते तर मीसुद्धा गप्प बसले असते. तुझ्याहून जास्त दिवस बसले असते, आणि बहिणीलासुद्धा पत्ता लागू दिला नसता. तुझ्या शेंडेफळाने परवा मला पत्र लिहून तुझ्या वतीने माफी मागितली. भाबडी आहे ती. आपण दोघी तशा नाही.

चिंगी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते. वेणी घालून देते, मला एका हाताने जमत नाही ना. मधेच विचारते, "मोठ्या आई, तू माझ्या जागी असतीस तर आईला माफ केलं असतंस का गं?" मला ठाऊक आहे, मी नुसतं "हो" म्हटलं तर ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसेल. लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर नाही ती. तेवढंच अडलंय. एक शब्द.

तो मी सांगेन. तुझी लेक तुला परत पाठवेन, मला तुझं घर मोडायचं नाही. पण लगेच नाही. माझ्या रक्तात काय चाललंय ते तुला ठाऊक होतं आणि तू जितके दिवस गप्प राहिलीस, तितकेच दिवस मीही गप्प राहणार आहे. कालच्या दिवसापासून मोजायला घेतलेत. तू तिकडे रोज टपालवाल्याची वाट बघ. मी इकडे वेळेवर गोळी घेते आहे.

थोरली